कट्ट्यावरचं दूध आणि न उतरणारा ताप

पार्श्वभूमी

रणजित, वय ३४. (सगळी नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रणजितची आणि गवळ्याची, दोघांचीही लिहायला संमती आहे.) कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत वाडवडिलांचं घर. वडील, म्हणजे अण्णा, तरुणपणी तालमीत राहिलेले. कान मुडपलेले, मान अजून रुंद. रणजित इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, हिंजवडीत सातआठ वर्षं काढली. करोनाच्या काळात घरून काम सुरू झालं तेव्हा बायको आणि मुलीला घेऊन परत आला. पुढे महिन्यातून दोनदा पुण्याला जायच्या बोलीवर कंपनीने त्याला इथेच राहू दिलं.

बाहेर राहून परतलेल्या माणसाचं कोल्हापूरपण इथेच राहिलेल्यांपेक्षा कांकणभर जास्तच असतं, असं मला या पेठेत वर्षानुवर्षं दवाखाना चालवताना दिसत आलंय. रणजितने आल्या आल्या सगळं एकदम धरलं. पहाटे तालीम, रविवारी मटण आणि तांबडा-पांढरा, शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची फुटबॉल मॅच, आणि रात्री जेवल्यावर कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला. तालीम तीन महिन्यांत सुटली. मॅचेस हंगामापुरत्या. कट्टा मात्र राहिला. दिवसभर कानाला हेडफोन लावून बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला रोज रात्री अर्धा तास चार ओळखीची माणसं भेटणं, कुणीतरी ‘काय भावा’ म्हणून खांद्यावर हात टाकणं, याची किंमत औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. पुढचं सगळं प्रकरण समजायला हे ध्यानात ठेवावं लागतं.

कट्टा म्हणजे नेमकं काय

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात काही ठरलेल्या चौकांत संध्याकाळी गवळी म्हशी आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक आलं की समोर धार काढायची, पेला फेसाने भरायचा, तो उभ्या उभ्या प्यायचा. दूध तापवलेलं नसतं. म्हशीच्या अंगाची ऊब असते तेवढीच.

याची मुळं तालमीत आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, गावोगावचे मल्ल इथल्या तालमींत येऊन राहू लागले आणि त्यांच्या खुराकाला दूध लागू लागलं. त्याला जोड मिळाली ती इथल्या पंढरपुरी म्हशीची. पाठीवर तलवारीसारखी मागे गेलेली लांब शिंगं, अंगाने आटोपशीर, आणि दारोदार फिरवली तरी जागोजागी पान्हा सोडणारी. दुसऱ्या जातीची म्हैस गर्दीत, मोटारींच्या आवाजात इतक्या सहज दूध देत नाही.

कट्ट्यावर दूध पिण्यामागे एक व्यवहारी शहाणपणही आहे आणि डॉक्टर मंडळी त्याकडे दुर्लक्ष करतात. भेसळीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाला इथे पाणी, पावडर, युरिया घालायला जागाच दिसत नाही. डोळ्यांसमोर पिळलेलं दूध. ‘बघून घेतलंय’ ही खात्री त्याला पिशवीवरच्या छापील अक्षरांत मिळत नाही. अडचण इतकीच, की पाणी घातलेलं दिसतं, जंतू दिसत नाही.

ताप

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. रणजितला संध्याकाळी अंग मोडून येऊ लागलं. रात्री ताप, पहाटे घाम. बनियन पिळून काढावं इतका घाम. सकाळी माणूस बरा, कामाला बसायचा. असं आठवडाभर चाललं. एका डॉक्टरांनी विडाल तपासणी केली, ती ‘पॉझिटिव्ह’ आली, टायफॉइड म्हणून प्रतिजैविकं दिली. ताप आठ दिवस उतरला आणि परत आला. विडालवर एकट्यावर विसंबणं धोक्याचं असतं. ज्या भागात टायफॉइड नेहमीचा आहे तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही ती थोडीफार वर येते.

पाचव्या आठवड्यात कंबर धरली. उजव्या बाजूला, बसून उठताना कळ. खुर्चीतलं काम, मध्यंतरी तालमीत मारलेल्या बैठका, असं कारण सगळ्यांनी आपापल्या परीने शोधलं. वजन सहा किलोने उतरलं होतं. एका मोठ्या रुग्णालयात एमआरआय झाला. कंबरेचं हाड आणि माकडहाडाच्या वरचा भाग जिथे जुळतो त्या उजव्या सांध्याला सूज होती. तिथल्या तज्ज्ञांनी क्षयाचा संशय लिहिला आणि क्षयाची औषधं सुरू करावीत असं सुचवलं. फाईल घेऊन रणजित आणि त्याची बायको माझ्याकडे आले. प्रश्न एकच होता: उद्यापासून गोळ्या सुरू करायच्या का?

निर्णयाची पहिली जागा : गोळ्या आज की थांबून

क्षयाचा संशय गैर नव्हता. आपल्याकडे लांबलेला ताप, घाम, घटलेलं वजन आणि पाठीच्या हाडाचं दुखणं एकत्र आलं की आधी क्षयच आठवावा लागतो. पण थुंकीत काही नव्हतं, छातीचा फोटो स्वच्छ होता, आणि सांध्यातून नमुना घेतलेला नव्हता.

समोर तीन वाटा होत्या. लगेच औषधं सुरू करून ताप उतरतो का बघणं. सांध्यातून सुईने नमुना घेणं, जे महागही होतं आणि रणजितची तयारी नव्हती. किंवा तीनचार दिवस थांबून, अशाच चेहऱ्याने येणारे इतर आजार रक्तावरून तपासून घेणं.

पहिली वाट सगळ्यांत सोपी आणि या प्रकरणात सगळ्यांत फसवी ठरली असती. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, आणि ते रणजितला पुढे जो आजार निघाला त्याच्यावरही चालतं. म्हणजे ताप उतरला असता, निदान बरोबर निघालं असं सगळ्यांनी मानलं असतं, आणि अर्धवट दबलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा वर आला असता. माणूस धडधाकट चालताबोलता होता, श्वासाला त्रास नव्हता, हातापायांत कमजोरी नव्हती. थांबायला जागा होती. थांबायचं ठरलं.

दूध कुठलं पिता?

रुग्णालयाच्या फाईलमध्ये एक छापील रकाना होता, ‘दूध : उकळलेलं / न उकळलेलं’. ‘उकळलेलं’वर खूण होती. रणजितने खोटं सांगितलेलं नव्हतं. घरी पिशवीचं दूध येतं, तापवल्याशिवाय कुणी पीत नाही. माझ्यासमोरही त्याने तेच सांगितलं. म्हणून मी त्याला कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगायला लावलं. चहा, भाकरी, मीटिंग, पुन्हा चहा, मुलीला शाळेतून आणणं, जेवण. इथे तो थांबला. बायको म्हणाली, “आणि कट्टा?”

तो हसला. “ते काय दूध म्हणून नाही ओ डॉक्टर. ते आपलं बसायला.”

त्याच्या डोक्यात दूध ही घरातली वस्तू होती आणि कट्टा ही संध्याकाळची जागा. दोघांचा संबंध त्याने स्वतःशीही कधी लावला नव्हता, मग फाईलच्या रकान्यात तो कुठून येणार?

त्यानंतरचं निदान सरळ होतं. रोज बंगाल नावाची साधी चाचणी, तिला फारसा खर्च येत नाही, पॉझिटिव्ह आली. जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मोजणाऱ्या दुसऱ्या चाचणीत आकडा १:६४० निघाला. १:१६० च्या वर आणि सोबत लक्षणं असतील तर तो महत्त्वाचा मानतात. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवताना प्रयोगशाळेला आधी फोन करून संशय सांगितला, कारण हा जंतू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही श्वासावाटे लागतो. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. आधीच्या प्रतिजैविकांमुळे ते अपेक्षितच होतं. निदान ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूंचा ताप.

या आजाराचा जंतू डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ साली माल्टा बेटावर शोधला, आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे तिथल्याच थेमिस्टोक्लीस झामित यांनी १९०५ मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षी फौजेचं शेळीचं दूध बंद केलं आणि फौजेतला ताप झपाट्याने उतरला. बेटावरच्या रहिवाशांत मात्र आजार पुढे कित्येक वर्षं टिकला. सैनिकाला हुकूम पुरतो. आपल्या आवडीचं दूध पिणाऱ्या गावकऱ्याला पुरत नाही. कोल्हापुरातही गोष्ट इथूनच अवघड होत गेली.

उपचार

सांधा धरलेला असल्याने नेहमीचे सहा आठवडे पुरणार नव्हते. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन बारा आठवडे, सुरुवातीला जेंटामायसिनची इंजेक्शनं. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, हे आधीच सांगितलं. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घ्यायचं नाही हेही सांगितलं, कारण दुधातलं कॅल्शियम गोळी नीट शोषू देत नाही. यावर अण्णांनी नाक मुरडलं. औषध दुधाबरोबर घ्यायची त्यांच्या घरची जुनी रीत.

दहाव्या दिवशी ताप गेला. कंबरेला वेळ लागला. महिनाभराने रणजितने गोळ्या कमी करता येतील का विचारलं, कारण बरं वाटत होतं. या आजारात सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. जंतू पेशींच्या आत लपून बसतो, औषध लवकर सोडलं की बहुतेक वर्षाच्या आत उलटतो. त्याच्या बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायला सुरुवात केली आणि तो वाद मिटला.

मुलगी सहा वर्षांची. बाबाबरोबर कट्ट्यावर जायची, फेस चाटायची. तिला लक्षणं नव्हती. रक्त तपासलं, स्वच्छ आलं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही स्वच्छ. त्या दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत घरातलं वातावरण काय होतं ते सांगायला नको.

घरातला वाद

अण्णांना निदान पटलं नाही. त्यांचं म्हणणं तीन टप्प्यांत होतं. आम्ही आयुष्यभर प्यालो, आम्हाला काय झालं? धारोष्ण दुधाला आयुर्वेदात अमृतासारखं म्हटलंय, ते काय खोटं? आणि तिसरं, खरं दुखणारं: पोरगा पुण्याला जाऊन नाजूक होऊन आला.

पहिल्या मुद्द्याला उत्तर देताना ‘पूर्वीही लोकांना होत असेल, कळत नसेल’ असं म्हणणं सोपं आहे आणि ते खोटंही नाही. जुन्या पैलवानांची गुडघे-कंबरदुखी सगळी आखाड्यातलीच होती का, कोण सांगणार? पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोठ्यात झालेली अदलाबदल. अण्णांच्या तरुणपणी गवळ्याच्या दावणीला घरच्याच म्हशींच्या रेड्या वाढून म्हशी व्हायच्या. कुठल्या म्हशीची कुठली, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असायचं. आज जास्त दुधासाठी हरियाणाकडच्या मुऱ्हा येतात, गुजरातच्या मेहसाणा येतात, आठवडी बाजारातून दोन हात बदलून जनावर गोठ्यात येतं. आटलं की विकायचं, दुसरं आणायचं. परक्या जनावराबरोबर परका आजार येतो. अण्णा ज्या सवयीचा दाखला देत होते ती पूर्वी निर्धोक होती असं मी म्हणणार नाही. पण ती ज्या गोठ्यावर उभी होती तो गोठा आता राहिलेला नाही.

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, काही बोलले नाहीत.

वादाला वळण दिलं ते रणजितच्या आईने. त्या एरवी डॉक्टरसमोर बोलत नाहीत. म्हणाल्या, “पन्नास वर्षं झाली मला या घरात येऊन. घरात एक दिवस तरी कच्चं दूध प्यालासा काय? तापवल्याशिवाय साय येती काय? लोणी कुठनं आलं, तूप कुठनं आलं?”

हे मला कधी सुचलं नसतं. दूध तापवणं हा मराठी घरातला सगळ्यांत जुना दैनंदिन संस्कार. सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून कुणीतरी गॅससमोर उभं असतंच. साय, विरजण, ताक, लोणी, तूप ही अख्खी साखळी तापवलेल्या दुधावर उभी आहे. कच्चं दूध ही तालमीची आणि कट्ट्याची, म्हणजे घराबाहेरच्या पुरुषांची रीत. ‘आपली परंपरा’ म्हणून आपण एकीलाच पुढे करतो, आणि दुसरी रोज घरात चालू असून तिला परंपरा म्हणायचं विसरतो. पाश्चरायझेशन हे बाहेरून आलेलं फॅड, असं अण्णा म्हणत. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की हा जंतू मरतो. आईंच्या पातेल्यात रोज त्याहून जास्तच तापत होतं.

गोठा : दुसरा आणि जास्त अवघड निर्णय

एक माणूस बरा होत होता. त्याच कट्ट्यावर रोज रात्री तीसचाळीस माणसं तेच दूध पीत होती.

रणजितच्या मित्रांनी मोबाईलवरच्या ग्रुपवर मजकूर तयार केला होता: अमक्या चौकातलं दूध पिऊ नका. सरकारी खात्याकडे तक्रार करावी असंही काहींचं म्हणणं होतं. रणजितला स्वतःला काहीच करू नये असं वाटत होतं. बापू गवळ्याला तो लहानपणापासून ओळखतो. दिवाळी पाडव्याला त्याच्या म्हशी सजवताना शिंगांना रंग लावायला हाच असायचा. त्याच्या पोटावर पाय द्यायचा?

मजकूर पाठवला असता तर गिऱ्हाईक शेजारच्या कट्ट्यावर गेलं असतं, तिथेही कच्चंच दूध आणि तपासणीचा पत्ता नाही. बापूने संशयित म्हैस दुसऱ्या दिवशी बाजारात काढली असती. तक्रारीनेही बहुधा तेच झालं असतं. गप्प बसणं मला शक्य नव्हतं. म्हणून आधी बापूशी बोलायचं ठरलं, आणि एकट्याने न जाता पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना सोबत घ्यायचं. माणसांच्या डॉक्टरने म्हशीबद्दल बोललेलं गवळी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

बापूच्या गोठ्यात नऊ म्हशी. चार पंढरपुरी, घरच्या. पाच विकत आणलेल्या. पशुवैद्यकांनी पहिल्यांदा दुधाचा विषयच काढला नाही. कुठली गाभडली का, म्हणजे कुणाचा गर्भ पडला का, एवढंच विचारलं. उन्हाळ्यात आणलेली एक म्हैस गणपतीच्या सुमारास, आठव्या महिन्यात गाभडली होती. मागून पडणारी वार अडकली होती, ती बापूने स्वतः हात घालून काढली होती. उघड्या हाताने. मेलेलं रेडकू ओढ्याकडेला टाकलं होतं, कुत्र्यांनी नेलं. म्हशीला दूध मात्र उतरलं होतं, आणि ते कट्ट्यावर जात होतं.

गाभडण्यात, वारेत आणि त्या स्रावात जंतू सगळ्यांत जास्त असतो. रणजितने ज्या दुधाचा फेस प्याला, त्याहून जास्त धोका बापूने त्या एका दुपारी पत्करला होता. हे पशुवैद्यकांनी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गंभीर झाला. गिऱ्हाइकाच्या तापाबद्दल ऐकताना त्याचा चेहरा बंद होता. स्वतःच्या हाताबद्दल ऐकताना उघडला.

नऊही म्हशींचं रक्त गेलं. अहवालात दोन बाधित निघाल्या: गाभडलेली, आणि तिच्याबरोबर आणलेली दुसरी.

आता काय? रोग्याला गोळी देता येते. बाधित म्हशीला बरं करायचं म्हणून कुणी औषध देत नाही. ती आयुष्यभर जंतू बाळगू शकते. एकेक म्हैस लाखाच्या घरातली, आणि ती काढून टाकली तर भरपाई मिळेल असं ठामपणे सांगणारं कुणी नव्हतं. बाजारात विकणं म्हणजे आजार दुसऱ्याच्या दावणीला बांधणं, हे बापूला कळत होतं. पण हप्ता त्याला भरायचा होता, आम्हाला नाही.

काय घडलं

ठरलं ते असं: दोन्ही म्हशी वेगळ्या बांधायच्या, त्यांचं दूध कट्ट्यावर आणायचं नाही, आणि कट्ट्यावरचं बाकीचं दूधही तापवूनच द्यायचं. चार ते आठ महिन्यांच्या रेड्यांना लस टोचायची. केंद्राचा जनावरांच्या रोगनियंत्रणाचा कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे, त्यात लाळ-खुरकुतीबरोबर ही लसही येते. आयुष्यात एकदाच, फक्त माद्यांना. बापूच्या दोन रेड्या त्या वयात बसत होत्या.

महिन्याभरात दोनपैकी एक म्हैस गोठ्यात नव्हती. बापूने विचारल्यावर नजर चुकवत ‘गेली’ एवढंच सांगितलं. कुठे गेली, घेणाऱ्याला काही सांगितलं का, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसरी अजून आहे, वेगळी बांधलेली.

दूध तापवण्याला त्याचा खरा आक्षेप फेसावर होता. “उकळलं की फेस कुठला? लोक फेस बघायला येत्यात.” पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मग त्याच्या मुलाने तोडगा काढला. दुपारची धार उकळून गार करायची, आणि कट्ट्यावर दोन भांड्यांतून हातभर उंचीवरून वरखाली ओतून फेस आणायचा. थंडीत तेच गरम, वर साय घालून. म्हशी पूर्वीसारख्याच तिथे उभ्या असतात, धारही काढली जाते, पण ती चरवीत जाते, पेल्यात नाही. बहुतेक लोक परत आले. यावरून मला असं वाटू लागलंय की निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकाला कच्च्या दुधाशी देणंघेणं नव्हतंच. त्यांना चौक, म्हैस, फेस आणि कालच्या मॅचवरचं भांडण हवं होतं.

सगळे आले नाहीत. जुन्यांपैकी सातआठजण दुसऱ्या चौकात जाऊ लागले. त्यांत अण्णा आहेत. बायकोसमोर ते घरी दूध घेतात आणि रात्री फेरफटका मारून येतो म्हणून निघतात. रणजितला माहीत आहे.

बापूने रक्त तपासायला दोन महिने टाळाटाळ केली, मग बायकोच्या रेट्याने आला. पॉझिटिव्ह. त्याचे गुडघे बरेच दिवस दुखत होते. सहा आठवड्यांची औषधं दिली, चौथ्या आठवड्यात त्याने सोडली. अजून बोलावतोय.

रणजित बरा आहे. बारा आठवडे पूर्ण केले, वजन परत आलं, सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत उलटण्याची चिन्हं नव्हती. कट्ट्यावर जातो. मुलगीही जाते.

वेगळं काय करता आलं असतं

दुधाचा प्रश्न विचारायची पद्धत सगळ्यांत आधी बदलायला हवी. ‘दूध उकळून पिता का’ याला कोल्हापुरात शंभरातले नव्व्याण्णव लोक हो म्हणतील आणि ते खरंच असेल. ‘कट्ट्यावर जाता का, तालमीत जाता का, घरी किंवा पाहुण्यांकडे जनावर गाभडलं का’ असं विचारलं तर उत्तर निघतं. पेठेतल्या दवाखान्यात लांबलेल्या तापाला हे तीन प्रश्न पहिल्या आठवड्यात पडले, तर एमआरआयपर्यंत जायची वेळ फार थोड्यांवर येईल.

क्षयाच्या औषधांबाबत थांबण्याचा निर्णय या रुग्णात जमला, कारण तो स्थिर होता. पाय बधिर होत असते, किंवा मेंदूज्वराची शंका असती, तर एवढं थांबणं चुकीचं ठरलं असतं. हे प्रकरण वाचून कुणी सरसकट थांबू नये.

वादात आईंना फार उशिरा जागा मिळाली. रुग्ण पुरुष, दूध पुरुषांचं, कट्टा पुरुषांचा, म्हणून सगळं समजावणं अण्णा आणि रणजितशी चाललं होतं. घरातल्या दुधाचा कारभार ज्यांच्या हातात आहे त्या पहिल्या दिवसापासून बोलण्यात असत्या, तर वाद ‘आपलं विरुद्ध बाहेरचं’ या खोड्यात अडकला नसता. अण्णा तरीही दुसऱ्या चौकात गेले असते, हेही मान्य.

विकलेल्या म्हशीचं काय करायला हवं होतं, यावर पशुवैद्यक आणि मी अजून एकमताचे नाही. त्यांचं मत, अहवाल येण्याआधीच पैशाची काहीतरी सोय बोलायला हवी होती. कट्ट्यावरच्या नियमित गिऱ्हाइकांनी वर्षाच्या दुधाचे पैसे आगाऊ दिले असते, तरी बापूचा एक हप्ता निघाला असता आणि म्हैस दावणीला राहिली असती. तीसचाळीस माणसांना ते जड नव्हतं. सार्वजनिक गणपतीला याहून जास्त वर्गणी याच चौकात गोळा होते. माझं मत, बापूने तेवढ्यानेही ती विकलीच असती, कारण बाधित म्हैस दारात असणं हीच त्याला बदनामी वाटत होती. पुढच्या गोठ्याच्या वेळी आधी पैशाचं बोलायचं आणि मग रक्त काढायचं, एवढ्यावर मात्र आमचं जुळलं आहे. तसा एक गोठा आता समोर आलाय, दुसऱ्या चौकातला. अण्णा जातात तोच.